बुडालेली चकती: कोंबुचाच्या एका बरणीची तपासणी

"ताई, ही गेली का गं?"

धाकट्या बहिणीचा हा निरोप आठव्या दिवशी रात्री आला, सोबत चार फोटो. बरणी कोंबुचाची, म्हणजे गोड चहा आंबवून केलेल्या आंबट पेयाची, आणि वरून टिपलेली होती. चहाच्या रंगाचं पाणी, खाली कुठेतरी धूसर दिसणारी जुनी चकती (आधीच्या खेपेत वर धरलेली जाड साय), तिला लोंबणारे तपकिरी दोरे आणि पृष्ठभागावर पाच पांढुरके ठिपके. चकती पहिल्याच दिवशी तळाला गेली ती वर आलीच नव्हती. वास पावासारखा येत होता, आंबूस अजिबात नाही. चव अजून गोड. बहिणीने निकाल लावून टाकला होता: कल्चर, म्हणजे चहा आंबवणारे जिवाणू आणि यीस्ट, मेलं, ठिपके म्हणजे बुरशी, आता पाणी ओतून द्यायचं आणि चकती तेवढी धुऊन नव्या चहात टाकून बघायची.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण घरी कोंबुचा करणारी बहुतेक माणसं कधी ना कधी नेमकी याच जागी येऊन थांबतात आणि बरेचदा नेमकं ठेवायचं ते फेकतात. पहिल्या तीन दिवसांत माझाही एक अंदाज साफ चुकला. तोही इथे लिहिला आहे.

बरणीची हकीकत

कल्चर कसं दिसतं हे विचारण्याआधी ते कुठून आलं आणि कसं राहिलं, हे मी विचारते. बहिणीने दोन लिटर पाण्याला १४० ग्रॅम साखर, १२ ग्रॅम काळा चहा आणि २०० मिलिलिटर विरजण घातलं होतं. विरजण म्हणजे आधीच्या खेपेतलं मुरलेलं आंबट पाणी. साखर आणि चहाच्या प्रमाणात खोट नव्हती. विरजण दहा टक्के, म्हणजे चालण्याजोगं, पण काठावरचं. चहा साधा होता. बर्गमॉटसारख्या सुगंधी तेलाचा चहा असता तर मला तिथेच शंका आली असती, कारण ती तेलं जिवाणूंना जाचतात. पाणी उकळून गार केलेलं. बरणी काचेची. हे मी मुद्दाम विचारलं, कारण चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यातलं शिसं आम्ल ओढून घेतं. तशा भांड्यात केलेला कोंबुचा पिऊन एका जोडप्याला शिशाची विषबाधा झाल्याची नोंद ऑस्ट्रेलियात १९९८ साली झालेली आहे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक म्हणजे हे कल्चर या खेपेआधी सात आठवडे फ्रिजमध्ये पडून होतं, तेही जेमतेम चकती भिजेल एवढ्या पाण्यात. आणि दुसरं, ज्या खोलीत बरणी होती तिथे तापमान २० ते २१ अंशांच्या वर जात नव्हतं. कोंबुचाला २४ ते २७ अंश मानवतात. २० च्या खाली गेलं की काम रेंगाळतं, आणि आम्ल तयार व्हायला जितका उशीर तितकी बुरशीला संधी जास्त.

एवढ्यावर माझं मत बनलं. फ्रिजच्या थंडीत जिवाणू दगावले, यीस्ट तगलं. पावाचा वास, तपकिरी दोरे, आंबटपणाचा अभाव, सगळं त्यात चपखल बसत होतं. तिला मी तसं सांगूनही टाकलं. चपखल बसतं म्हणून खरं मानलं, आणि एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला.

ठिपके

पण आधी ठिपक्यांचा निकाल लावणं भाग होतं, कारण बुरशी असेल तर पुढचं सगळं बोलणं फोल. बुरशीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. ठिपका खरवडून खालचं पाणी वापरायचं नाही, चकती व्हिनेगरने धुऊन "वाचवायची" नाही. चकती, पाणी, विरजण, सगळं टाकायचं. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असू शकतात आणि काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात, ती पाण्यात उतरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी १९९५ साली आयोवा राज्यातल्या दोन स्त्रियांच्या गंभीर आजाराची नोंद केली होती. दोघीही रोज कोंबुचा पीत होत्या आणि त्यातली एक दगावली. कोंबुचामुळेच ते घडलं हे सिद्ध झालं नाही. पण घरात उघड्यावर आंबवलेली वस्तू आपण माणसांना पाजतो आहोत, याचं भान मला त्या नोंदीने कायमचं दिलं.

तर ठिपके. वरून, झगझगीत दिव्याखाली काढलेल्या फोटोत सगळेच ठिपके सारखे दिसतात. मी बहिणीला खोलीतला दिवा मालवायला सांगितलं आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून पुन्हा फोटो काढायला लावले. बाजूने पडलेल्या उजेडात लव असेल तर सावली पडते. बुरशी कोरडी असते, लवदार असते, पाण्यापासून वर उठलेली असते, बहुधा गोल वाढते आणि हवेच्या बाजूलाच येते. पाण्याखाली जे काही दिसतं, ते कितीही किळसवाणं असो, ती बुरशी नसते. रंग हिरवा, निळा किंवा काळा आला की प्रश्नच मिटतो. पण पांढऱ्या टप्प्यावर रंग काहीच सांगत नाही, पोत सांगतो.

नव्या फोटोंत चार ठिपके ओले, चकाकणारे, अर्धपारदर्शक निघाले. त्यांच्या कडा विरत जाऊन पाण्यात मिसळत होत्या आणि दोघांच्या मधल्या जागेत पातळ धूसर पडदा दिसत होता. ही नव्या सायीची सुरुवात. दुधावर साय धरते तसाच हा पडदा पृष्ठभागावर धरतो, आधी तुकड्यातुकड्यांनी, मग सलग.

पाचवा ठिपका मात्र कोरडा आणि खडूसारखा पांढरा होता, शिवाय किंचित वर आलेला. इथे मी थांबले. असा ठिपका तीन प्रकारचा असू शकतो. एक, बुरशीची सुरुवात. दोन, काह्म नावाने ओळखलं जाणारं रानटी यीस्ट, ज्याची चादर पातळ, मळकट पांढरी आणि सुरकुतलेली असते. ते अपायकारक समजत नाहीत, पण चव बिघडवतं आणि अशा बरणीतलं विरजण मी पुढे नेत नाही. तिसरी शक्यता सर्वांत साधी: खालून आलेला वायूचा बुडबुडा सायीखाली अडकतो, साय ताणून वर उचलली जाते आणि तेवढा भाग सुकून पांढरा पडतो. बहिणीला मी स्वच्छ चमच्याने तो ठिपका हलकेच दाबायला सांगितलं. तो फुटला, खाली बसला आणि मिनिटभरात ओला होऊन बाकीच्यांसारखा दिसू लागला. बुरशीची लव अशी पाणी पिऊन नाहीशी होत नाही.

तपकिरी दोऱ्यांवर फार शब्द खर्चत नाही. ते यीस्टचे पुंजके. निरोगी बरणीतही असतात. फार झाले तर यीस्ट पुढे धावतंय एवढंच कळतं. चकती बुडणं तर त्याहूनही निरर्थक. तिच्यात किती वायू अडकलाय आणि पाण्याशी तिची घनता कशी जुळते, यावर ते ठरतं. चकती बुडो, तरंगो, आडवी-तिडवी उभी राहो, तब्येतीशी त्याचा संबंध नाही. जुनी चकती तळाशी असली तरी नवी साय वरच धरते.

सायीवरून एक धागा हाती लागत होता, पण तेव्हा मी तो नीट ओढला नाही. ही साय बनवतात ते जिवाणू, यीस्ट नाही. एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली व्हिनेगरवर धरणारा असाच पडदा तपासून तो सेल्युलोजचा असल्याचं आणि तो जिवाणूच विणत असल्याचं दाखवलं. त्या जिवाणूला आज कोमागाटेइबॅक्टर झायलिनस म्हणतात आणि कोंबुचाच्या चकतीत त्याचेच भाऊबंद असतात. याचा अर्थ, नवी साय दिसते आहे त्या बरणीत जिवाणू मेलेले नाहीत. माझा फ्रिजचा सिद्धांत त्या चार ओल्या ठिपक्यांनीच मोडीत काढायला हवा होता. मी मात्र मनाशी म्हटलं, थोडेफार वाचले असतील.

आकडे

आठव्या दिवशी बहिणीने १०० मिलिलिटर नमुना माझ्याकडे पाठवला. तिच्या कागदी पट्टीवर सामू, म्हणजे पीएच, ४ आणि ४.५ च्या मध्ये कुठेतरी दिसत होता. चहाचा रंग पट्टीच्या रंगात मिसळतो, म्हणून रुंद पल्ल्याच्या पट्टीवर मी भरवसा ठेवत नाही. माझ्या मीटरवर सामू ३.६ आला. मीटर त्याच सकाळी ४.०१ आणि ७.०० च्या द्रावणांत जुळवून घेतला होता. जुळवणी न केलेला मीटर पट्टीपेक्षाही वाईट, कारण तो दशांशासकट खोटं सांगतो.

३.६ हा आकडा सुरक्षेच्या दृष्टीने ठीक. ४.२ च्या खाली सामू उतरला की रोगकारक जिवाणूंना वाढणं अवघड जातं, म्हणून तीच रेघ सर्वसाधारणपणे धरतात. पण तब्येतीबद्दल एकटा सामू थोडंच सांगतो. विरजणातून आलेल्या आम्लानेच तो बऱ्यापैकी खाली आलेला असतो. शिवाय मोजपट्टी लॉगरिदमी आहे, म्हणजे एका अंकाचा फरक दहापट असतो, आणि पाण्यातले घटक बदल पचवतात, त्यामुळे बरणी जोमात आम्ल बनवत असली तरी शेवटी शेवटी सामू हलेनासा होतो. सारख्याच सामूच्या दोन बरण्यांतली एक आंबट आणि दुसरी गुळमुळीत असू शकते.

म्हणून मी एकूण आम्ल मोजते. दहा मिलिलिटर नमुना घ्यायचा, ढवळून आणि किंचित कोमट करून त्यातला वायू घालवायचा, नाहीतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही आम्ल म्हणून मोजला जातो. मग उकळून गार केलेल्या पाण्याने पातळ करायचा, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या सूचकाचे) थेंब टाकायचे आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत टिकाऊ गुलाबी छटेपर्यंत जायचं. चहाचा रंग अल्कलीत गडद होतो, म्हणून नमुना चांगलाच पातळ केल्याशिवाय गुलाबी कधी आलं ते कळत नाही. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.६ ने गुणलं की लिटरमागे किती ग्रॅम आम्ल, अॅसिटिक आम्ल धरून, ते मिळतं. मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून हे मला सवयीचं आहे. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतं, सवय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. जिभेवर रोज एक चमचा आणि वहीत एक ओळ, यानेही बरंच काम भागतं.

बहिणीच्या नमुन्याला २.५ मिलिलिटर लागले, म्हणजे लिटरला १.५ ग्रॅम. माझ्या स्वतःच्या बरणीला आठव्या दिवशी ७.५ लागतात, म्हणजे ४.५ ग्रॅम. तिप्पट फरक.

एका मोजणीतून बरणी कुठे आहे ते कळतं, कुठे चालली आहे ते कळत नाही. म्हणून मी तिला म्हटलं, आणखी तीन दिवस काहीही करू नकोस. "पण ती सडेल!" सामू ३.६ असताना आणि बुरशी नसताना सडणार नाही, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

अकरावा दिवस

अकराव्या दिवशी मी स्वतः तिच्याकडे गेले. कापड काढून वास घेतला. पावाचा, आणि त्याच्या मागे फळाचा, किंचित दारूसारखा. सडका, कुबट किंवा बुरसट मुळीच नाही. चमचाभर चाखलं. गोडी आठव्या दिवसापेक्षा कमी झाली होती, जिभेला टोचणारे बुडबुडे होते, पण आंबटपणा नावाला. मोजणी केली: सामू ३.५, आम्लाला २.९ मिलिलिटर. तीन दिवसांत लिटरला पाव ग्रॅमसुद्धा वाढ नाही.

गोडी उतरते आहे, वायू होतो आहे, दारूचा वास आहे आणि आम्ल नाही. इथे बरणीत काय चालतं ते आठवावं लागतं. यीस्ट आधी साखरेची फोड करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग त्यांपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. त्या अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल आणि ग्लुकोजचं ग्लुकॉनिक आम्ल जिवाणू करतात. पहिल्या पाळीचे कामगार हजर होते, दुसऱ्या पाळीचे काम करत नव्हते.

मग मी बरणी उचलायला हात घातला आणि तेव्हा पहिल्यांदा ती बाजूने पाहिली. बुटकी, पोटाशी रुंद, वर अरुंद गळा. बहिणीने ती अगदी गळ्यापर्यंत भरली होती. इतके दिवस सगळे फोटो वरून काढलेले, त्यात गोल पृष्ठभाग तेवढा दिसत होता आणि मी तो बरणीच्याच रुंदीचा धरून चालले होते. टेप लावली. पोटाशी व्यास १६ सेंटीमीटर, गळ्याशी ७. व्यास सव्वादोनपट, म्हणजे क्षेत्रफळ पाचपटीहून जास्त. जिथे २०० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग मिळाला असता, तिथे सव्वादोन लिटर पाणी ३८ चौरस सेंटीमीटरच्या खिडकीतून श्वास घेत होतं.

अॅसिटिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतोच, यीस्टचं त्यावाचून अडत नाही. किंबहुना साय विणण्याचं प्रयोजनच ते आहे असं मानतात: तिच्यावर बसून जिवाणू हवेच्या लगत राहतात. बरणीचा आकार हा पहिल्या रात्री विचारायचा प्रश्न होता, आणि तो मी विचारला नव्हता.

चार भांडी

आता दोन कारणं समोर होती. फ्रिजने जिवाणू मारले, किंवा जिवाणू जिवंत आहेत पण हवेवाचून अडले आहेत. थंड खोली दोन्हीकडे भर घालत होती. अंदाजाने एकदा चुकले होते, म्हणून या वेळी तपासून पाहायचं ठरवलं. बहिणीच्या मनात अजून चकतीच होती. ती म्हणाली, "कल्चर चकतीत असतं ना ताई? पाण्यात काय आहे?" तिचा हा प्रश्नही त्याच चाचणीत घेतला.

चारही भांडी काचेची, गरम पाण्याने धुतलेली, दाट विणीच्या कापडाने झाकलेली आणि २६ अंशांना ठेवलेली. विरळ जाळीचं कापड मी वापरत नाही, फळमाश्या त्यातून आत जातात आणि अंडी घालतात.

पहिल्या भांड्यात ३२० मिलिलिटर ताजा गोड चहा आणि तिच्या बरणीतलं वरच्या थरातलं ८० मिलिलिटर पाणी, चकती नाही. दुसऱ्यात ४०० मिलिलिटर गोड चहा आणि चकतीचा एक तुकडा, बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे धुतलेला, विरजण नाही. तिसऱ्यात तिच्याच बरणीतलं पाणी, चहा न मिसळता, अरुंद गळ्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत. चौथ्यात तेच पाणी ३०० मिलिलिटर, पसरट भांड्यात, जेमतेम तीन सेंटीमीटर उंचीचं. तिसरं आणि चौथं ही खरी जोडी: पाणी तेच, ऊब तीच, फरक फक्त हवेचा. दुसरं भांडं फक्त पाहण्यासाठी होतं. विरजणाशिवाय लावलेला गोड चहा पिण्यासाठी कधीच नसतो.

चार दिवसांनी तिसऱ्या बाटलीतल्या आम्लाला ३.३ मिलिलिटर लागले, म्हणजे २.९ वरून किरकोळ वाढ. चौथ्या भांड्यातल्या पाण्याला ५.४ लागले. पसरट भांड्यातून पाणी उडतं, पातळी जवळजवळ तीन मिलिमीटर उतरली होती, म्हणजे त्या ५.४ मधला साधारण दहावा हिस्सा नुसता आटण्याचा. तो वजा केला तरी फरक झाकला जात नाही. वासही पालटला होता, पावाचा जाऊन व्हिनेगरचा आला. फ्रिजने मारलेले जिवाणू चार दिवसांत हे करू शकले नसते. माझा पहिला सिद्धांत तिथे संपला. सात आठवड्यांच्या थंडीने ते थोडे अशक्त झाले असतील, आणि ऊब नसल्याने अधिकच मंद, पण नुसती ऊब देऊन तिसरी बाटली हलली नाही. अडलं होतं हवेपाशी.

पहिल्या भांड्यात, जिथे चकती नव्हतीच, चौथ्या दिवशी काचेसारखी पातळ साय धरली आणि सहाव्या दिवशी ती कडेला टेकली. सामू ४.१ वरून ३.३ वर आला. बहिणीला हे सर्वांत अद्भुत वाटलं. तिने भांडं डोळ्यांसमोर धरून विचारलं, "ही कशातून आली?" पाण्यातून. जिवाणू आणि यीस्ट दोन्ही पाण्यात भरपूर असतात. चकती ही त्यांनी बांधलेली वस्ती आहे, आणि वस्ती नव्याने बांधता येते.

दुसऱ्या भांड्यात चकतीचा तुकडा छान वर तरंगत राहिला, पाठ पाण्याबाहेर. सुरुवातीचा सामू ४.९, सहाव्या दिवशीही ४.४. सातव्या दिवशी त्या कोरड्या पाठीवर दोन गोल ठिपके उठले, कडेला पांढरी लव आणि मधे हिरवट राखाडी. बहिणीला मी टॉर्च आडवा धरायला लावला. लवेची सावली चकतीवर स्पष्ट पडली. आठव्या दिवसाच्या आपल्या फोटोंत काय नव्हतं, ते तिला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. भांडं आम्ही कापडासकट बाहेर नेलं, नाक जवळ नेलं नाही, सगळं टाकलं, कापडही टाकलं.

तिच्या मूळ बेताप्रमाणे, पाणी ओतून चकती धुऊन नव्या चहात, दोन लिटरचं नेमकं हेच झालं असतं. चकती धुताना आपण तिच्यावरचं आणि आतलं आम्ल धुतो, आणि नव्या चहाला पहिल्या दिवसापासून बुरशीविरुद्ध जे कवच लागतं ते आम्लाचंच असतं.

मोठ्या बरणीचं काय केलं

बरणीतलं पाणी आम्ही दोन रुंद बरण्यांत वाटलं, दोन्ही अर्ध्याहून कमी भरलेल्या. जागा बदलून २५-२६ अंशांत ठेवल्या. मधल्या काळात ते पाणी कोणाला द्यायचं नाही, विशेषतः माझ्या भाचीला, असं मी बजावलं. कारण बुरशीचं नव्हतं. जिवाणू मागे पडले की यीस्टने बनवलेलं अल्कोहोल तसंच साचतं, आणि किती साचलंय ते चवीवरून ठरत नाही. घनता मोजणारा काटाही इथे फसवतो, कारण साखर, आम्ल आणि अल्कोहोल तिन्ही एकदम बदलत असतात. गर्भवती, लहान मुलं, यकृताचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना मी घरचा कोंबुचा एरवीही देत नाही.

बुचाच्या बाटल्या भरायलाही तिला मनाई केली. फसफस पाहून तिला मोह झाला होता. शिल्लक साखर आणि जोमदार यीस्ट बंद बाटलीत कोंडलं तर दाब वाढत जातो आणि काच फुटते.

सहा दिवसांनी दोन्ही बरण्यांवर सलग साय होती, सामू ३.१, आम्लाला ६.८ मिलिलिटर. ते पाणी पिण्यापेक्षा आम्ही सगळं विरजण म्हणून ठेवलं. पुढच्या खेपेसाठी विरजण घेताना तळ ढवळला नाही. यीस्टचा गाळ खाली बसतो, म्हणून वरच्या तिसऱ्या हिश्शातलं पाणी घेतलं. प्रमाण दहाऐवजी वीस टक्के केलं. आणि जुनी बुटकी बरणी फेकली नाही, फक्त तिच्या पोटावर, जिथे ती सर्वांत रुंद आहे तिथे, चिकटपट्टीची खूण केली. त्या खुणेच्या वर भरायचं नाही.

तिने एक वहीही घातली आहे. रोजचं तापमान, वास एका शब्दात, चव एका शब्दात, आणि पहिल्या, चौथ्या, आठव्या दिवशी सामू. नव्या खेपेत पहिल्या दिवशी ३.८, चौथ्या दिवशी ३.४, आठव्या दिवशी ३.१. वासाच्या रकान्यात चौथ्या दिवशी "पाव", सहाव्या दिवशी "सफरचंद", आठव्या दिवशी "व्हिनेगर". मला त्या वहीतला हा रकाना सामूच्या रकान्याइतकाच मोलाचा वाटतो. पावाचा वास चौथ्या दिवशी असणं योग्यच आहे, यीस्टची पाळी आधी असते. तो अकराव्या दिवशीही तसाच असणं, ही तक्रार होती.

परवा तिचा पुन्हा फोन आला. नवी खेप लावून दोन तास झाले होते.

"ताई, परत बुडाली."

"पहिल्या दिवसाचा सामू?"

"तीन पूर्णांक आठ."

"आणि पाणी कुठवर भरलंयस?"

"खुणेच्या खाली."

"मग राहू दे तळाशी. चौथ्या दिवशी वासाचं सांग."